खलास म्हणायचं कुणी

शेजारच्या व्हिलातल्या बाईंनी परवा वॉचमनकडून निरोप पाठवला, की मॅडम फोनवर बोलतात तेव्हा आमचं बाळ उठतं. मी वॉचमनला म्हटलं, बाईंना माझा सलाम सांग, आणि सांग की शुक्रवारी संध्याकाळी बाळाला पार्कात घेऊन जा. त्या वेळी मला फ्रान्सहून फोन येतो. पलीकडच्या माणसाला डाव्या कानाने ऐकूच येत नाही आणि उजव्याने निम्मंशिम्मं. मी हळू बोलले तर त्याला वाटतं लाइन कट झाली, आणि तो ठेवून देतो. म्हणून मी बाल्कनीत उभी राहून मोकळ्या आवाजात बोलते. खलिफा सिटीतल्या आमच्या गल्लीला आता माझ्या घरातलं सगळं ठाऊक आहे. असू दे.

माझा आवाज मोठा आहे, आणि तो काही मी अबुधाबीत येऊन कमावलेला नाही. आमचं गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या तोंडाशी. अब्बांची मासेमारीची होडी होती. पाणी ओसरायला लागलं की होडी वेळेत आत यायला हवी, नाहीतर गाळात रुतायची. अम्मा मला जेटीवर पिटाळायची, जा, हाक मार. वाऱ्यातून बाकी कुणाचा आवाज पोचायचा नाही, माझा पोचायचा. लांबवर होडीचं तोंड वळताना दिसलं की मी घरी परत. गावात कौतुक व्हायचं, काय खणखणीत पोर आहे म्हणून.

मग मी वयात आले आणि तोच आवाज सगळ्यांना खुपायला लागला. हळू बोल. मुलीच्या जातीला शोभतं का. चार लोकांत तोंड मिटून बस. माझ्या निकाहच्या दिवशी आतल्या खोलीत मी ‘कबूल’ म्हटलं, ते बाहेर पुरुषांच्या मांडवात स्पष्ट ऐकू गेलं. नवरा अजून सांगतो की काझींना बाहेर येऊन वेगळं विचारायची गरजच उरली नाही. तो हसून सांगतो म्हणून चालतं. बाकीचे हसत नाहीत. मुलगी इथेच वाढली, तिच्या शाळेत मीटिंगला गेले की ती माझी बाही ओढते आणि म्हणते, “मम, प्लीज, लोअर युअर व्हॉइस.” मी म्हणते, याच आवाजावर तुझ्या आजोबांची होडी घरी यायची. ती म्हणते, “ओके मम,” आणि कानात वायर घालते.

मी मुसफ्फातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात काम करते. मुसफ्फा म्हणजे नुसती गॅरेजं, गोदामं आणि धूळ. आमच्याकडे वाळवंटातल्या रॅलीच्या गाड्या तयार होतात. पार्ट मागवणं, कस्टमवाल्यांशी भांडणं, मेकॅनिकांच्या सुट्ट्या, सगळं माझ्याकडे. ऑफिस वरच्या माळ्यावर आहे, खिडकीतून खालची सगळी शेड दिसते. मॅनेजर वसईचा, माझ्याशी मराठीत बोलतो, नाताळात घरून केक आणतो. माणूस वाईट नाही, पण मालकाचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलतो. त्याच्यावरून काय ते समजा.

आणि चाचा. हा फ्रेंच म्हातारा आमच्याकडे गाड्या तपासायला होता. मेकॅनिक नवी गाडी बांधायचे, हा ती वाळूत नेऊन दामटायचा आणि परत येऊन सांगायचा काय मोडणार आहे. साठी कधीच उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, हाताला भाजल्याचे डाग. शेडमधले सगळे त्याला चाचा म्हणायचे, म्हणून मीही. एके काळी हा मोठ्या रॅली चालवायचा, चोवीस तासांच्या शर्यतीत पळायचा, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. तसं पाहिलं तर मुसफ्फात प्रत्येक जण एके काळी काहीतरी होता, त्यामुळे कुणी फार विचारायचं नाही.

त्या दिवशी खाली कंप्रेसर चालू, ग्राइंडर चालू, बाहेर ट्रक खाली होत होता. चाचा एक गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढत होता. बाजूच्या गाडीखाली एक मेकॅनिक शिरला होता, त्याचे पाय नेमके चाचाच्या वाटेत. चार जण ओरडले, एकाने पत्रा बडवला. चाचाचं आपलं चालूच. मी खिडकी सरकवली आणि ओरडले, “अरे थांब!” मराठीत. दुसरं काय सुचणार. गाडी जागच्या जागी थांबली. मेकॅनिकाने पाय ओढून घेतले आणि मग सगळे मिळून वर माझ्याकडे बघायला लागले.

थोड्या वेळाने चाचा गुडघे धरत जिना चढून वर आला. आयुष्यभर माझ्या आवाजाची तक्रार घेऊनच लोक माझ्याकडे आले आहेत, त्यामुळे हाही त्यासाठीच आला असं धरून मी आधीच तापले. माणसाचे पाय वाचवले आणि वर ऐकून घ्यायचं? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “पुन्हा बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. तिकडून.” त्याने टोकाच्या भिंतीकडे बोट दाखवलं, मला तिथे उभं केलं आणि माझ्याकडे पाठ केली. खाली ग्राइंडर सुरूच होता. मी म्हटलं, “चाचा, जेवलास का?”

तो वळला नाही. त्याच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, “अर्थ कळला नाही. पण शब्द तीन होते.”

मग तो माझ्या टेबलासमोर बसला आणि त्याने कानांचं सांगितलं. उभी हयात इंजिनाशेजारी गेली, त्यात कान गेले. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्याला ऐकू यायचेच बंद झाले होते, राहिले होते ते पोटातून येणारे. रॅलीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी नॅव्हिगेटर बसतो, वाट सांगणारा. हेल्मेटमध्ये दोघांना जोडणारी वायर असते, इंटरकॉम, पण तो पूर्ण मोठा केला तरी चाचाला पोरांचे आवाज म्हणजे नुसती शिट्टी वाटायची. दोन नॅव्हिगेटर त्याला सोडून गेले होते. डॉक्टरने त्याला चालवायला पास केलं होतं, अट एवढीच, की शेजारच्याचं त्याला नीट ऐकू आलं पाहिजे. हिवाळ्यात लिवाच्या वाळूत मोठी रॅली होती. त्याला ती चालवायची होती, शेवटची म्हणून.

“शेवटची का?” मी विचारलं. “आणि शेवटचीच असेल तर चालवायची कशाला? घरी जा की.”

यावर त्याने आपली सगळी कारकीर्द मला सांगितली, आणि विचित्र तऱ्हेने सांगितली. कुठे जिंकला ते सांगितलंच नाही. कुठे कुठे त्याला गाडीतून उतरवलं, ते सांगितलं. तो डोंगरातल्या खाटकाचा मुलगा, बर्फातून मटणाची व्हॅन चालवत शिकला. पहिल्या टीमने त्याला डोंगरातल्या रॅलीत घेतलं, काही वर्षं चांगली गेली, मग एका अपघातानंतर हॉस्पिटलात शुद्धीवर आला तर साहेब खाटेच्या पायथ्याशी उभा, दुसरा ड्रायव्हर ठरला होता. मग चोवीस तासांच्या शर्यती. तिथे एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवायचं, बाकीच्यांनी पाय वर करून झोपायचं. त्याच्या शेवटच्या अशा शर्यतीत तो शेवटची पाळी चालवायची म्हणून आत बसला होता, आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या मध्येच थांबतात तिथे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर काढलं. फोटोसाठी तरुण चेहरा हवा होता. गाडी तिसरी आली, तेव्हा हा भिंतीशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग आफ्रिकेतलं वाळवंट. तिथे गाडी पेटली आणि याला हेलिकॉप्टरने उचललं.

“दर वेळी दुसऱ्या कुणीतरी संपवलं,” तो म्हणाला. “या वेळी मी शेवटपर्यंत जाणार, आणि माझ्या हाताने इंजिन बंद करणार. पहिला आलो काय आणि शेवटचा आलो काय.”

आमच्या रॅलीच्या गाडीला किल्ली नसते. डॅशबोर्डवर एक लाल स्विच असतो, तो खाली केला की इंजिन बंद. एवढासा स्विच, बोटाएवढा. त्यासाठी हा माणूस गुडघे धरत माझा जिना चढला होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट त्या पिटमधल्या खांद्यावरच्या हातावर मला सणसणून राग आला. तो हात मी ओळखत होते. गप्प बस म्हणताना तोच खांद्यावर पडतो.

मी चाचाची नॅव्हिगेटर होणार हे मॅनेजरला कळलं तेव्हा तो हसला. मग मी हसत नाही हे बघून गंभीर झाला. “भाभी, असं करू नका. त्या गाडीसाठी एक पोरगा तयार आहे, त्याच्या बापाने गाडीच्या भाड्याची बोलणी पण केलीत. चाचाला नॅव्हिगेटर मिळाला नाही तर गाडी त्याला द्यायची, असं मालकाचं ठरलंय.”

“मिळाला तर?”

“मिळाला तर चाचाची. मालकाने जबान दिलीय. पण भाभी, तुम्ही? वय काय तुमचं?”

“तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी कमी,” मी म्हटलं. “आणि मला बसून बोलायचंय, पळायचं नाहीये.”

घरी नवऱ्याने आधी हेल्मेटची किंमत विचारली. मी दिरहॅममध्ये सांगितली, त्याने तिथल्या तिथे रुपयांत करून कपाळाला हात लावला. हेल्मेट वर्कशॉप देणार हे कळल्यावर त्याचा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा काळजीचा होता, तो मी राहू दिला. खरा तमाशा गावाहून झाला. थोरल्या दिरांचा फोन आला, स्पीकरवर, म्हणजे मागे सगळं घर कान लावून बसलेलं. “बाईमाणसाने परक्या पुरुषाबरोबर एका गाडीत, वाळवंटात? लोक काय म्हणतील?”

मला इतकी चीड आली की आवाज आपोआप चढला. “भाऊ, अंगात आग न लागणाऱ्या कापडाचा तीन पदरी सूट, हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट, आणि छातीवर असा बेल्ट की मान वळवायची सोय नाही. इतकी झाकलेली मी माझ्या लग्नात पण नव्हते. आणि लोकांचं म्हणाल, तर लोकांना सांगा, परका पुरुष बहिरा आहे.”

मग मागून जाऊबाईंचं फिसकन हसणं ऐकू आलं आणि दिरांनी फोन ठेवला. नवरा त्या रात्री जेवताना दोनदा उगाचच हसला.

मग शनिवार-रविवार वाळू. लायसन्स काढलं, मेडिकल दिली, प्रथमोपचाराचा कोर्स केला. चाचा शिकवायला फार खडूस. समोर स्क्रीनवर वाट येते, चित्रांत आणि आकड्यांत. आधी अंतर सांगायचं, मग कॅप, म्हणजे होकायंत्राची दिशा किती अंशांत ते, मग धोका. धोक्याचे तीन दर्जे. एक म्हणजे सांभाळ, दोन म्हणजे भी, तीन म्हणजे टेकडीच्या पलीकडे काही नाही, वाळू एकदम तुटलेली. पहिल्या दिवशी मी सांगितलं, “दोनशे मीटर, कॅप एकशे दहा, बहुतेक धोका दोन.”

त्याने गाडी थांबवली. “बहुतेक हा आकडा मला माहीत नाही.”

आता आपल्याकडे बहुतेक, जरा, बघा हं, असेल बाई, यांच्याशिवाय वाक्य होतं का? हळूहळू ते मी सोडलं. पण एक सुटेना. प्रत्येक आकड्यानंतर माझ्या तोंडून निघायचं, इन्शाल्ला. तीनशे मीटर, डावीकडे, इन्शाल्ला. तो दर वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. त्याचं म्हणणं, वाट सांगणारी देवावर सोडतेय म्हणजे तिला खात्री नाही. चढावर पाय उचलला की गाडी वाळूत बसते. मग उतरा, फावडं घ्या, चाकं उकरा. एका दुपारी तिसऱ्यांदा उकरताना त्याने फावडं फेकलं आणि म्हणाला, गाडीत इन्शाल्ला बंद.

मीही फावडं फेकलं. “ते माझ्या तोंडातून जाणार नाही. माझ्या आईने ते भाताबरोबर भरवलंय. उद्याचं काही बोलायचं आणि ते म्हणायचं नाही, हे मला जमणार नाही. चालत नसेल तर दे गाडी त्या पोराला, त्याचा बाप भाडं द्यायला तयारच आहे.”

दोघंही रागाने फुणफुणत टायरच्या सावलीत बसलो. मी डबा उघडला. सांदण होती, तांदळाची आणि नारळाची, आमच्याकडची. त्याने न विचारता दोन उचलली. खाऊन झाल्यावर म्हणाला, “बेल्ट लावायच्या आधी म्हण. दिवसभराचं सगळं एकदम म्हणून घे. हवं तेवढं. बेल्ट लागला की फक्त आकडे.”

मला पटलं. तेव्हापासून आमची ही पद्धतच पडली. मी गाडीच्या दाराशी उभी राहून सगळ्या दिवसाचे इन्शाल्ला म्हणून घ्यायचे आणि तो घड्याळ न बघता थांबायचा. पुढेपुढे तोही हेल्मेट काढून थांबायला लागला.

दुसरी पद्धत त्याची होती. कुठल्याशा रॅलीत त्याने शेवट आला समजून आधीच गाडी सैल सोडली होती आणि हातची शर्यत घालवली होती. तेव्हापासून शेवट कुठे आहे हे तो स्वतः ठरवत नसे. नॅव्हिगेटर संपलं म्हणेपर्यंत तो इंजिन बंद करायचा नाही, मग समोर भिंत का असेना. मला ‘फिनिश’ म्हणायला सांगितलं. तो शब्द त्याच्या कानात शिरेना, शिट्टीसारखा निसटायचा. मी म्हटलं, खलास म्हणू? इथे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, भाजीवाल्यापासून शेखपर्यंत. ‘खलास’ त्याला लख्ख ऐकू गेलं. मग दर वेळी गाडी थांबली की मी म्हणायचे, खलास, आणि तो लाल स्विच खाली करायचा.

रॅली तीन दिवसांची होती. पहिले दोन दिवस आम्ही मागच्या गाड्यांत होतो आणि खूश होतो. मला वाटलं होतं भीती वाटेल, पण भीतीला वेळच मिळत नव्हता. अंतर, कॅप, धोका, अंतर, कॅप, धोका. दोनदा मी चुकले. एकदा चुकीच्या दरीत उतरवलं, तेव्हा त्याने गाडी वळवून वर काढली. संध्याकाळी तंबूत मात्र मला तासभर समजावत बसला की कुठे चुकलं. बाकीचे ड्रायव्हर त्याच्याशी येऊन हात मिळवायचे, जुने लोक, पांढऱ्या केसांचे. तो सगळ्यांना माझी ओळख करून द्यायचा, “माझा कान.”

शेवटच्या दिवशी सकाळी मॅनेजर भेटायला आला. तो पोरगाही बरोबर होता, नवा कोरा सूट घालून, फोटोवाला घेऊन. शर्यत संपली की गाड्या ज्या मंचावर चढवतात, त्या शेवटच्या रॅम्पवर गाडी आली की मालकाला तिच्याबरोबर पोराचे फोटो हवे होते, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी. चाचाने मान डोलावली. त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मी दाराशी उभी राहून इन्शाल्ला म्हणायला लागले आणि त्या दिवशी जरा जास्तच म्हटले.

दुपार डोक्यावर आली. वाळवंटात ही वेळ सगळ्यात वाईट, सावली नसते, त्यामुळे चढ, उतार, कडा सगळं सारखंच पांढरं दिसतं. ड्रायव्हरच्या डोळ्यांचा उपयोग संपतो, उरतो तो फक्त नॅव्हिगेटर. आम्ही एका उंच टेकडीवरून खाली आपटलो आणि माझ्या कानातली खरखर बंद झाली. इंटरकॉम मेला. वायर हलवली, बटण दाबलं, काही नाही. चाचाने माझ्याकडे एकदा बघितलं. हेल्मेटमधून नुसते डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत मला ते सगळे एकदम दिसले, हॉस्पिटलमधला साहेब, पिटमधला हात, हेलिकॉप्टर. पुढे मोठ्या टेकड्यांची रांग होती आणि तीतल्या निम्म्यांवर धोका तीन. डॉक्टरची अट मला माहीत होती. त्याला ऐकू गेलं नाही तर थांबायचं, वाद नाही.

मी हेल्मेटचा पट्टा सैल केला, हनुवटी मोकळी केली आणि जेटीवर उभी राहून मारायचे तशी हाक मारली, “चारशे! कॅप दोनशे वीस!”

त्याने उजव्या हाताची बोटं वर केली. चार. मग दोन, दोन, आणि मूठ, म्हणजे शून्य. एकही चूक नव्हती.

त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही, घसा तेवढा आठवतो. इंजिनाचा आवाज अंगावर येत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते. प्रत्येक आकडा त्याने बोटांनी परत दाखवायचा, तो बरोबर असला की पुढचा. त्यात वेळ जायचा, मागच्या गाड्या पुढे निघून गेल्या. एका कड्याच्या अलीकडे मी “तीन! तीन! तीन!” म्हणून किंचाळले, तेव्हा त्याने गाडी माथ्यावर आडवी केली आणि आम्ही अलगद सरकत उतरलो. बाजूला एक गाडी तोंडावर पडलेली होती, तिचे दोघे वाळूत बसून पाणी पीत होते. त्यांना माझा आवाज ऐकू गेला असणार, कारण दोघांनी हात वर केले. आयुष्यात ज्यांनी ज्यांनी मला हळू बोल म्हटलं होतं, त्या सगळ्यांवर मी त्या दुपारी ओरडून घेतलं. अम्मावर, दिरांवर, शाळेतल्या बाईंवर. सगळ्यांच्या वाट्याला कॅप आणि धोका आला.

वेळ नोंदवणारी शेवटची चौकी पार केली तेव्हा आमच्या मागे दोनच गाड्या उरल्या होत्या. चौकीपासून रॅम्पपर्यंत थोडा डांबरी रस्ता होता. मी सांगितलं, “सरळ. रॅम्प.” आवाज फाटला होता, पण निघाला.

रॅम्पवर चढलो. खाली मॅनेजर, तो पोरगा, फोटोवाला. थोडं मागे माझा नवरा आणि मुलगी. इंजिन चालू होतं. चाचाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिला. आता माझा शब्द यायचा होता.

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मॅनेजर खिडकीशी आला. “भाभी, झालं ना. सांगा त्याला बंद करायला. पोराला बसवायचंय, फोटोवाला खोळंबलाय.”

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने बॉनेटवर थाप मारली, चाचापुढे हात हलवले, गळ्यावरून बोट फिरवून बंद कर, बंद कर असं दाखवलं. चाचा हलला नाही. तो माझ्या शब्दाची वाट बघत होता, शिकवल्याप्रमाणे. मॅनेजर परत माझ्याकडे आला, या वेळी जवळजवळ काकुळतीने. “भाभी, एक शब्द. खलास म्हणा ना. एरवी तर एवढा आवाज आहे तुमचा.”

आवाज होता. घसा बसला होता, पण एका शब्दापुरता होता. मला तो म्हणायचा नव्हता. त्याला हॉस्पिटलात कुणीतरी खलास म्हटलं, पिटमध्ये म्हटलं, वाळवंटात वरून येऊन म्हटलं. आता मी म्हणू? काय म्हणून? मी जन्मभर गप्प बस, गप्प बस ऐकत आले आणि कधी बसले नाही. त्या दिवशी मात्र मी हाताची घडी घातली आणि गप्प बसले. मुलगी खालून माझ्याकडे टक लावून बघत होती. आईला इतकं गप्प तिने कधी पाहिलंच नव्हतं.

चाचाने थोड्या वेळाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी घडी सोडली नाही. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो पुन्हा समोर वळला आणि बसून राहिला. इंजिन चालू होतं, सीट थरथरत होती. मागून दुसरी गाडी आली, तिने हॉर्न दिला. मॅनेजर पळत तिकडे गेला. पोरगा ऊन लागतं म्हणून सावलीत जाऊन उभा राहिला. आम्ही आपले बसलो होतो. त्याने ॲक्सिलरेटर एकदा हलकेच दाबला, आवाज चढू दिला, उतरू दिला. मग उजव्या हाताचा मोजा काढून मांडीवर ठेवला, आणि भाजल्याचे डाग असलेल्या उघड्या बोटाने लाल स्विच खाली केला.

एकदम सगळं शांत झालं. त्याने हेल्मेट काढलं, केस घामाने चप्प बसले होते. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने, सगळ्या रॅम्पला ऐकू जाईल असं त्याने मला विचारलं, “तू म्हणालीस का? मला ऐकू आलं नाही.”

मी मान हलवली. नाही म्हटलं.

“हं,” तो म्हणाला, आणि बेल्ट सोडायला लागला.